पाव्हण्याच्या कंपनीचे शेअर

शेअरशी नातं जोडायचं नाही, हे वाक्य तनुजा दिवसातून चार वेळा तरी म्हणत असे. उस्मानपुऱ्यातल्या एका शेअर दलालाच्या ऑफिसात ती बरीच वर्षं काम करत होती. समोरच्या खुर्चीवर निवृत्त तहसीलदार बसो की किराणा दुकानदार, बोलणं शेवटी एकाच वळणावर जायचं. वडिलांनी घेतलेला शेअर आहे, कसा विकू? अडचणीच्या काळात या कंपनीनंच तारलं, कशी सोडू? तनुजा शांतपणे सांगायची, तुम्ही कंपनीला ओळखता, कंपनी तुम्हाला ओळखत नाही. ऐकणारे हसायचे, मान डोलवायचे आणि शेअर तसाच ठेवायचे.

तिची आत्या साळूबाई या बाबतीत सगळ्यांच्या वरताण होती.

साळूबाईचं घर करमाडच्या पुढं, जालना रोड सोडून आत, टेकडीच्या पलीकडच्या वस्तीवर. तनुजाची आई लवकर गेली, तेव्हा याच आत्यानं तिला न्हाऊमाखू घातलं, याच घरातून शाळेत धाडलं. पुढं आत्याचा नवरा वारला आणि मुलगा विश्वजीत तिला पुण्याला घेऊन गेला. त्याचा फ्लॅट चांगला मोठा, सूनही स्वभावानं गरीब. पण साळूबाई दिवाळीला गेली ती उन्हाळ्याच्या तोंडाला बोचकं घेऊन परत आली. तिथं दार उघडलं की दुसऱ्याचं दार दिसतं, एवढंच तिनं कारण सांगितलं. विश्वजीत रागावला, रडला, आणि मग एका अटीवर कबूल झाला. रोज संध्याकाळी आईचा फोन लागलाच पाहिजे. फोन लागेनासा झाला की तो गाडी घेऊन येणार आणि मग कुणाचं काही ऐकणार नाही.

या अटीचं कुणालाच ओझं वाटलं नाही, कारण साळूबाईच्या घरामागंच टॉवर होता. गोदाटेल नावाच्या मोबाइल कंपनीनं बांधाच्या कोपऱ्यात तो उभा केला होता. आजूबाजूच्या चार वस्त्यांत फोन लागायचा तो त्याच्यामुळं. त्याचं भाडं महिन्याच्या महिन्याला साळूबाईच्या खात्यात जमा होई आणि त्यावर तिचं एकटीचं छान भागे. ती टॉवरला पाव्हणा म्हणायची. दसऱ्याला विळ्या-खुरप्यांबरोबर पाव्हण्याच्या फाटकालाही हळदकुंकू लागे, झेंडूची माळ चढे. डिझेल भरायला येणाऱ्या माणसाला चहा घेतल्याशिवाय जाता येत नसे.

एक दिवस ती लुगड्याच्या ओच्यात पैसे बांधून थेट तनुजाच्या ऑफिसात आली.

"पाव्हण्याच्या कंपनीचे शेअर घेऊन दे."

"आत्या, त्या कंपनीवर कर्ज लई आहे. दुसरी चांगली घेऊ."

"दुसरी माझ्या रानात हाय का? हे बघ. तो आपल्या रानात, आपण त्याच्या घरात. मंग कोण कोणाला उठवतंय?"

तनुजा हसली. समजावून सांगायला पाहिजे होतं, पण समोर दोन गिऱ्हाइकं बसली होती, आणि शेअर तेव्हा इतका पडलेला होता की अजून फार काही पडेल असं तिला वाटलं नाही. तिनं आत्याचं खातं उघडलं आणि शेअर घेऊन दिले. साळूबाई समाधानानं एसटीत बसली. घरच्या माणसाला कोणी बाहेर काढत नाही, हा हिशेब तिच्यापुरता पक्का झाला होता.

दोन वर्षांनी बातमी आली. गोदाटेल समग्र नावाच्या मोठ्या कंपनीत विलीन होणार.

ऑफिसात त्या आठवड्यात बसायला जागा नव्हती. तात्यासाहेब नावाचे एक निवृत्त अभियंते रोज पेपर संपवून तिथं येत. ते खुर्ची ओढून म्हणाले, "तनुजाबाई, सरळ सांगा. गोदाटेल घ्यावा की समग्र?"

तनुजाला असा प्रश्न आवडायचा. तिनं सावकाश मांडायला सुरुवात केली. या धंद्यात आता दोन-तीनच मोठे उरणार, छोट्यांना एकट्यानं जगणं अवघड. गोदाटेलच्या डोक्यावर कर्जाचा डोंगर आहे, लिलावात घेतलेल्या स्पेक्ट्रमचे, म्हणजे मोबाइल लहरींचे हप्तेच तिला झेपत नाहीत. समग्रकडं पैसा आहे, पण गिऱ्हाईक वाढायचं थांबलंय. गोदाटेलच्या दहा शेअरमागं समग्रचे तीन मिळणार. आजच्या भावात गोदाटेल घेतला तर समग्र स्वस्तात पडतो. धोका एकच, मंजुऱ्यांना वेळ लागला तर पैसा अडकून राहील.

"ते ठीक," तात्यासाहेब म्हणाले, "पण दोन आजारी माणसं एका खाटेवर झोपली म्हणून बरी होतात का? यात नफा नेमका कुठून येणार?"

"टॉवरमधून. एकाच गावात दोघांचे टॉवर आहेत. एक ठेवतील, एक काढतील. वीज वाचेल, डिझेल वाचेल, भाडं वाचेल..."

भाडं म्हणताना तिची जीभ अडखळली. करमाडच्या फाट्याजवळ, रोडला लागून समग्रचा उंच टॉवर होता. एसटीच्या खिडकीतून तिनं तो शेकडो वेळा पाहिला होता. तिथून आत्याचं घर नकाशावर बोटभर अंतरावर होतं.

"म्हणजे घ्यावा म्हणता?" तात्यासाहेबांनी विचारलं.

"घ्या," तनुजा म्हणाली. सल्ला बरोबरच होता. पण पाणी प्यायला उठताना ते भाडं तिच्या डोक्यातून जात नव्हतं.

रविवारी ती वस्तीवर गेली. साळूबाई ओट्यावर तुरीच्या शेंगा सोलत बसली होती. तनुजानं शेंगांचा एक ढीग आपल्याकडं ओढला आणि सांगायला सुरुवात केली.

"आत्या, पाव्हण्याची कंपनी दुसऱ्या कंपनीत मिसळणार आहे."

"म्हंजी सोयरीक?"

"तसंच समज."

"मंग बरंय की. पाव्हण्याचं गणगोत वाढलं."

"दोन घरं एक झाली की भांडी जास्तीची होतात, आत्या. जास्तीची मोडीत काढतात. फाट्यावरचा टॉवर राहील. आपला जाईल."

साळूबाईच्या हातातली शेंग तशीच राहिली.

"पन माझे शेअर हायेत ना तिच्यात?"

"आहेत."

"मंग? मालकिणीला न इचारता?"

तनुजाला त्या दिवशीचं आपलं हसू आठवलं आणि मनापासून लाज वाटली. "आत्या, तुझ्यासारखे लाखो मालक आहेत. कंपनीला तू माहीत नाहीस. मी तेव्हाच सांगायला पाहिजे होतं, नाही सांगितलं."

टॉवरवर पारवे बसले होते, त्यांचं घुमणं तेवढं ऐकू येत होतं.

"ही सोयरीक मोडली तर?"

"तर गोदाटेल बुडेल. टॉवर जाईलच, वर शेअरचा कागद होईल."

"म्हंजी पाव्हना कसाबी जानारच."

"जाणारच."

नियमाप्रमाणं शेअरवाल्यांचं मतदान होतं. तेही फोनवर. तनुजानं आत्याच्या फोनवर ते उघडून दिलं आणि मालकिणीला विचारलंच आहे बघ, असं म्हणून समजूत काढायचा प्रयत्न केला. बाजूनं दिलं तर शेअर वाढेल, हेही सांगितलं. साळूबाईनं चष्मा लावला, दोन्ही चौकटी नीट पाहिल्या आणि विरोधाच्या चौकटीवर बोट टेकवलं.

"याचा काही उपयोग नाही, आत्या."

"ग्रामपंचायतीला बी मी हमेशा पडणाऱ्यालाच देते. आपल्या हातानं आपल्या दारातल्या मानसाला जा म्हनायचं नसतं."

"भाड्याची फिकीर करू नकोस. शेअर चांगले वाढलेत. ते विकून पोस्टात ठेवू, महिन्याला जवळपास तेवढंच व्याज येईल. मी सगळं बघितलंय. तुला पुण्याला जावं लागणार नाही."

"भाड्याचं नाय गं," साळूबाई म्हणाली आणि चहा टाकायला आत गेली. तनुजाला वाटलं, पाव्हण्याच्या जाण्याचं दुःख आहे. तिनं पुढं विचारलं नाही.

मंजुऱ्यांना वर्ष लागलं. मधल्या काळात तनुजानं दोनदा शेअर विकायचं सुचवलं, पण पाव्हणा दारात आहे तोवर त्याच्या घरातलं आपलं उचलायचं नाही, असं आत्याचं म्हणणं. शेवटी ठेकेदाराची माणसं ट्रक घेऊन आली. तनुजानं त्या दिवशी मुद्दाम सुट्टी काढली होती. पठ्ठ्यांनी वरून एकेक तुकडा सोडवत दोन दिवसांत टॉवर उतरवला. साळूबाईनं त्यांना पिठलं-भाकरी करून घातली. ट्रक निघताना ती वाटी घेऊन पुढं आली आणि मुकादमाच्या तळहातावर दही-साखर ठेवली. त्या माणसाला काय करावं ते कळेना. त्यानं दही खाल्लं आणि तिच्या पाया पडला.

दुसऱ्या दिवशी तनुजानं समग्रचे झालेले ते शेअर विकले. आत्याच्या हट्टामुळं थांबावं लागलं, तेवढ्यात भाव आणखी वर गेला होता. पोस्टातलं व्याज भाड्यापेक्षा थोडं जास्तच बसलं. तनुजाला स्वतःचा अभिमान वाटला, खोटं कशाला बोला. आत्याचं घर आपण राखलं असं तिला वाटलं, आणि त्या रात्री ती शांत झोपली.

टॉवर उतरवताना फोन बंद राहणार, मग फाट्यावरच्या टॉवरवरून लागेल, असं सगळ्यांनी धरलं होतं. पण पुढच्या संध्याकाळीही आत्याचा फोन लागला नाही. दुसऱ्या दिवशीही लागला नाही. फाट्यावरच्या टॉवरची रेंज टेकडीच्या अलीकडंच संपत होती. कंपनीच्या नकाशात दोन टॉवर जवळजवळ होते, टेकडी कुणी पाहिली नव्हती. विश्वजीतनं तनुजाला फोन करून सांगितलं की रविवारी गाडी घेऊन येतो, आईचं सामान बांधून ठेव.

आणि तिसऱ्या दिवशी, दिवस मावळायला, साळूबाईचाच फोन आला. दोघांनाही आला. छपराच्या वाशाला फोन टांगला की लागतो, ती म्हणाली. फक्त संध्याकाळचा लागतो, दिवसभर नाही, तेवढं समजून घ्या. विश्वजीत गाडी काढायचा थांबला. तनुजाचा जीव भांड्यात पडला.

त्यानंतर रोज संध्याकाळी फोन येऊ लागला. आवाज खणखणीत. कधी मागून हॉर्न ऐकू यायचे, एखादा ट्रक घरघरत गेल्यासारखा वाटायचा. तनुजानं एकदा विचारलंही.

"वारं रोडकडून हाय," आत्या म्हणाली. "लई लांबचं ऐकू येतं आता. पाव्हण्याचं जनरेटर नाय ना."

तनुजाला ते पटलं. ऑफिसात कुणी कंपनीच्या ताळेबंदाबद्दल एवढं सहज सांगितलं असतं तर तिनं दहा प्रश्न विचारले असते.

हिवाळ्यात एका गिऱ्हाइकाच्या कामासाठी तिला जालन्याला जावं लागलं. परतताना एसटीत डाव्या बाजूची खिडकी मिळाली. करमाड जवळ आलं तेव्हा ऊन विझत आलं होतं. पर्समध्ये फोन वाजला.

"काय करतेस गं?" आत्या विचारत होती.

"बसमध्ये आहे. तू काय करतेस?"

"मी काय, घरीच हाय. ओट्यावर बसलेय. शेंगा सोलतेय."

पुढं कापसानं लादलेला ट्रॅक्टर होता. ड्रायव्हरनं हॉर्नवर हात ठेवला आणि तो काढलाच नाही. तनुजाच्या एका कानात तो हॉर्न बसमधून आला. दुसऱ्या कानात तोच हॉर्न फोनमधून आला.

तिनं खिडकीतून बाहेर पाहिलं. रोडच्या कडेला, मोरीच्या कठड्यावर, हिरव्या लुगड्यातली एक बाई बसली होती. एका हातानं फोन कानाला धरलेला, दुसऱ्या हातानं दुसरा कान झाकलेला. शेजारी काठी. बस तिच्या अंगावर धूळ उडवून पुढं गेली. तिनं वर पाहिलंसुद्धा नाही. "ऐकू येतंय का गं?" ती फोनवर विचारत होती.

"येतंय," तनुजा म्हणाली आणि फोन बंद केला.

फाट्यावर उतरून ती रोडनं मागं चालत आली. साळूबाई अजून तिथंच होती. तनुजाला पाहून ती दचकली, पण शरमली नाही. उलट रागावली.

"मधीच कामून उतरली? आता शेवटची बस कधी मिळायची तुला?"

तनुजा कठड्यावर तिच्या शेजारी बसली. ट्रक इतक्या जवळून जात होते की पदर उडत होता.

"रोज येतेस इथं?"

"मंग कुठं जाऊ? छपरावर बघितलं, विहिरीवर बघितलं, लिंबावर पोर चढवून बघितलं. टेकडीवर एक काडी येती, पन बोलायला गेलं की तुटती. इथं पुरी येती."

"आणि अंधारात टेकडी चढून परत?"

"बॅटरी हाय."

"आत्या, या गाड्या बघ कशा चालल्यात."

"गाड्या रोडवर हायेत. मी मोरीवर हाय."

तनुजाच्या डोळ्यांत पाणी आलं. तिनं कर्ज पाहिलं होतं, दहाला तीनचं प्रमाण पाहिलं होतं, भाडं आणि व्याज पैशापैशानं जुळवलं होतं. फोनची कंपनी शेवटी काय विकते, तर फोन लागणं, एवढं तिनं कधी तोलून पाहिलंच नव्हतं. आत्यानं मात्र पहिल्याच दिवशी ते जाणलं होतं आणि भाड्याचं नाय गं म्हणून सांगितलंही होतं.

"त्या दिवशी नीट बोलली का नाहीस?"

"बोलून काय झालं असतं? तू अजून रडली असती. तुझ्या हातात हुतं का ते?"

नव्हतं. तेही खरंच होतं, आणि त्यानं काही हलकं वाटलं नाही.

एवढ्यात साळूबाईचा फोन वाजला. विश्वजीत होता. तिनं गडबडीनं दुसरा कान झाकला. जेवण, गोळ्या, थंडी, नेहमीचं बोलणं झालं. मग तिच्या तोंडून निसटलं, "आज तनुजा आलीय बग," आणि लगेच तिनं ओठ चावला. पलीकडून त्यानं काहीतरी म्हटलं. साळूबाईनं फोन कानापासून काढला आणि तनुजाकडं धरला. पुण्याच्या त्या दारासमोरच्या दाराची सगळी भीती तिच्या चेहऱ्यावर होती.

"तनू," विश्वजीत म्हणाला, "बरं झालं तू आहेस. आई काहीतरी लपवते असं मला सारखं वाटतं. फोन खरंच घरातून लागतो ना? तू कधी खोटं बोलत नाहीस म्हणून तुला विचारतो."

तनुजानं रोडकडं पाहिलं. समोरून दिवे लावलेले ट्रक येत होते. मोरीच्या कठड्याला एका जागी नवीन खपली निघालेली होती, कुठलं तरी चाक घासून गेल्यासारखी. खरं सांगितलं तर आत्या जिवंत राहील आणि रविवारी तिचं बोचकं बांधलं जाईल. नाही सांगितलं तर उद्या संध्याकाळी ती पुन्हा इथं येऊन बसेल. गिऱ्हाइकाला दोन्ही बाजू मांडून शेवटचा निर्णय तुमचा असं म्हणता येतं. इथं तसं म्हणायला कुणी नव्हतं. आत्या तर समोर होती, आणि तिचा निर्णय ती रोज टेकडी चढून देत होती.

"हो दादा," ती म्हणाली. "घरातूनच लागतो. आम्ही ओट्यावर बसलोय."

एक ट्रक हॉर्न वाजवत कानठळ्या बसवून गेला.

"हा कसला आवाज गं एवढा?"

तनुजानं डोळे मिटून घेतले.

"वारं रोडकडून आहे, दादा."

"बरं," विश्वजीत म्हणाला. त्याच्या आवाजातला ताण सैल झालेला तिला कळला. "तू म्हणतेस तर ठीक आहे."

तनुजानं फोन परत दिला. साळूबाईनं तो कनवटीला खोचला. आभार वगैरे मानायची तिची रीत नव्हती. काठी टेकून ती उठली आणि म्हणाली, "चल. दूध तापवायचंय."

दोघी रोड सोडून पायवाटेला लागल्या. शेअर विकून एका दिवसात मोकळं होता आलं होतं. आता बोललेल्या शब्दातून कसं मोकळं व्हायचं, हे तनुजाला कळत नव्हतं. आजपासून या मोरीवर काही बरंवाईट झालं तर त्यात आपला शब्द असणार, हे तिला स्वच्छ दिसत होतं. तरीही तो शब्द परत घ्यावासा वाटत नव्हता, आणि त्याचंच तिला भय वाटलं.

टेकडीच्या माथ्यावर साळूबाई दम खायला थांबली. खाली अंधारात एकच दिवा दिसत होता.

"लाइट चालू ठिवून येते," ती म्हणाली. "परत येताना घर दिसावं म्हनून."

तनुजानं तिच्या हातातली बॅटरी घेतली आणि वाट दाखवत पुढं चालू लागली.